शेणातला डीएनए आणि जॉन्स डिसीज : पीसीआर ‘पॉझिटिव्ह’ म्हणजे नक्की काय?

“शेणाच्या नमुन्यात पीसीआर पॉझिटिव्ह आला, म्हणजे गायीला रोग आहे, बरोबर ना?” रिसर्चला यायची तयारी करणाऱ्या ज्युनिअर मंडळींकडून हा प्रश्न इतक्या वेळा आलाय, की एकदा सविस्तर लिहूनच टाकावं म्हटलं. याचं उत्तर एका शब्दात देता येत नाही. आणि ते का देता येत नाही हे नीट समजलं, तर डायग्नोस्टिक्स या विषयातला बराचसा भाग समजला असं मी म्हणेन.

आधी रोगाबद्दल थोडं. गाय व्यवस्थित खाते, तापही नसतो, तरी दिवसेंदिवस वाळत जाते. शेण पातळ पडतं, मध्ये थोडं बरं वाटतं, पुन्हा हगवण सुरू. जंतनाशक देऊन होतं, अँटिबायोटिक देऊन होतं, खुराक बदलून होतो. दूध कमी झालेलं असतं, शेवटी जबड्याखाली पाणी उतरतं. पुस्तकात याला पॅराट्यूबरक्युलोसिस म्हणतात, बोलताना आपण जॉन्स डिसीज म्हणतो. (मूळ जर्मन उच्चार ‘योने’च्या जवळ जाणारा आहे, पण व्हायवामध्ये तो उच्चार केलात तर समोरचे दोन मिनिटं गोंधळतील!) जंतूचं नाव मायकोबॅक्टेरियम एव्हियम सबस्पीशीज पॅराट्यूबरक्युलोसिस. पुढे मी त्याला नुसतं ‘मॅप’ म्हणणार आहे, लॅबमध्ये सगळे तेच म्हणतात.

या रोगातली खरी अडचण लक्षणं नाहीत, वेळ आहे. लागण होते ती वासरू असताना : सडांना लागलेल्या शेणातून, चिकातून, दुधातून, कधी गाभातच. जंतू लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शिरतो आणि मॅक्रोफेज पेशींच्या आत, म्हणजे ज्यांनी त्याला मारायचं त्यांच्याच घरात, मुक्काम करतो. मग दोन ते पाच वर्षं, कधी त्याहून जास्त, काहीच दिसत नाही. कालवड मोठी होते, वितते, दूध देते. दुसऱ्या-तिसऱ्या वेतानंतर कधीतरी हगवण लागते. तोपर्यंत तिने किती महिने शेणातून जंतू टाकलेत कोण जाणे. म्हणून या रोगाला हिमनगाची उपमा देतात. कळपात लक्षणं दाखवणारं एक जनावर दिसलं, तर लक्षणं नसलेली पण लागण झालेली अनेक जनावरं त्याच गोठ्यात उभी असतात. आपल्याला टेस्ट हवी आहे ती या न दिसणाऱ्यांसाठी. हगवणीने खंगलेली गाय तर गोठेमालकालाही दिसते.

डीएनएपर्यंत यायला शंभर वर्षं का लागली

१८९५ साली जर्मनीत योने आणि फ्रॉथिंगहॅम या दोघांनी अशाच एका गायीच्या जाड झालेल्या आतड्यात क्षयाच्या जंतूसारखे, ॲसिड-फास्ट जंतू पाहिले. त्यांना तो क्षयाचाच वेगळा प्रकार वाटला. हा स्वतंत्र रोग आहे हे पुढे डेन्मार्कच्या बांग यांनी दाखवलं. पण जंतू काही लॅबमध्ये वाढेना. १९१२ मध्ये ट्वॉर्ट आणि इंग्रॅम यांनी माध्यमात दुसऱ्या एका मायकोबॅक्टेरियमचा अर्क घातला आणि मग तो वाढला. कारण लोह ओढून घ्यायला लागणारा मायकोबॅक्टिन नावाचा पदार्थ मॅपला स्वतः पुरेसा बनवता येत नाही. (हेच ते ट्वॉर्ट, ज्यांचं नाव १९१५ च्या बॅक्टेरिओफेजच्या शोधात तुम्ही वाचलंय.)

कल्चर जमलं, पण ते होतं भयंकर संथ. घन माध्यमावर वसाहती दिसायला आठ ते सोळा आठवडे लागतात. शेणात इतर जंतू अब्जांनी असतात, ते मारण्यासाठी नमुन्यावर रसायन टाकावं लागतं, त्यात थोडे मॅपही मरतात. आणि चौथ्या महिन्यात प्लेटवर बुरशी आली की सगळं पहिल्यापासून! एलायझा स्वस्त आहे, एका दिवसात होते, पण ती अँटिबॉडी शोधते, आणि या रोगात अँटिबॉडी उशिरा तयार होतात. लागणीच्या सुरुवातीच्या काळात एलायझा बहुतेक वेळा गप्पच असते. शिवाय जनावराला लस दिली असेल, तर एलायझा पॉझिटिव्ह येण्याचा अर्थ लावणं कठीण. शेणाचा स्लाइड रंगवून पाहणं तर सगळ्यात सोपं, पण शेणात दुसरे निरुपद्रवी ॲसिड-फास्ट जंतूही असतातच.

या पार्श्वभूमीवर १९८९ साल महत्त्वाचं. त्या वर्षी लंडनमध्ये एका गटाने आणि न्यूझीलंडमध्ये दुसऱ्या गटाने, वेगवेगळं काम करताना, मॅपच्या डीएनएत पुन्हापुन्हा येणारा एक तुकडा शोधला. त्याला आयएस९०० म्हणतात. इन्सर्शन सिक्वेन्स, म्हणजे जिनोममध्ये स्वतःच्या प्रती घुसवत जाणारा तुकडा. गंमत म्हणजे लंडनच्या गटाने तो गायीच्या नाही, तर क्रोन्स डिसीज असलेल्या माणसाकडून मिळालेल्या मॅपमध्ये शोधला होता. (मॅपचा आणि क्रोन्सचा संबंध कारणाचा आहे का, हा वाद आजही मिटलेला नाही. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.) २००५ मध्ये के-१० या स्ट्रेनचा पूर्ण जिनोम प्रसिद्ध झाला : सुमारे ४८.३ लाख बेस पेअर, त्यात जी आणि सी मिळून ६९ टक्क्यांच्या वर, आणि आयएस९०० च्या १७ प्रती.

हा १७ आकडा लक्षात ठेवा. पुढचं सगळं गणित त्याच्यावर आहे.

सगळं भांडण शेणाशी

पेपर वाचताना प्रायमर आणि प्रोबकडे सगळ्यांचं लक्ष जातं. खरं सांगायचं तर टेस्ट फसते ती बहुतेक वेळा त्याच्या आधीच, डीएनए काढताना.

मॅपची भिंत जाड, मेणचट, मायकोलिक ॲसिडने भरलेली. ई. कोलायला जो लायसिस बफर पाच मिनिटांत फोडतो, तो हिच्यावर नुसता ओघळून जातो. म्हणून बीड-बीटिंग करतात : बारीक काचेचे किंवा झिर्कोनियाचे मणी घालून नळी जोरात हलवायची, भिंत अक्षरशः ठेचून काढायची. फार ठेचलं तर डीएनएचेच बारीक तुकडे होतात, कमी ठेचलं तर तो बाहेरच येत नाही. प्रत्येक लॅबला ही वेळ स्वतः ठरवावी लागते. आणि दुसरं, शेणात पित्ताचे क्षार, चाऱ्यातली गुंतागुंतीची पॉलिसॅकराइड, पॉलिफेनॉल असं काय काय असतं, आणि त्यातलं बरंच काही टॅक पॉलिमरेजला अडवतं. डीएनए भरपूर असूनही पीसीआर निगेटिव्ह येऊ शकतो तो याच्यामुळे. म्हणून प्रत्येक ट्यूबमध्ये एक इंटर्नल कंट्रोल हवा, म्हणजे आपण मुद्दाम टाकलेला परका डीएनए. तो वाढला नाही तर तो निकाल ‘निगेटिव्ह’ नसतो, तो ‘निकाल नाही’ असतो. मग डीएनए दहापट पातळ करा, बीएसए घाला, पुन्हा लावा. पेपरमध्ये इंटर्नल कंट्रोलचा उल्लेखच नसेल, तर त्यातल्या निगेटिव्ह आकड्यांवर मी तरी फार विश्वास ठेवत नाही.

आता थोडं गणित करू. आकडे मी सोयीसाठी धरलेत. समजा गायीच्या शेणात दर ग्रॅमला १० मॅप आहेत. आपण किटमध्ये घेतो ०.२ ग्रॅम, म्हणजे सरासरी २ जंतू. डीएनए काढण्याची कार्यक्षमता २० टक्के धरा, हातात आला ०.४ जिनोम. तो १०० मायक्रोलिटरमध्ये विरघळवला आणि त्यातले ५ मायक्रोलिटर पीसीआरला टाकले : विसावा भाग, ०.०२ जिनोम. जिनोममध्ये एकच प्रत असलेला जीन शोधत असाल, तर ट्यूबमध्ये तो असण्याची शक्यता साधारण २ टक्के. आयएस९०० शोधत असाल तर ०.०२ गुणिले १७, म्हणजे सरासरी ०.३४ प्रती, आणि पॉइसाँ वितरणाने निदान एक प्रत असण्याची शक्यता साधारण २९ टक्के. (डीएनएचे तुकडे होऊन या प्रती एकमेकींपासून सुट्या झाल्या आहेत असं गृहीत धरलंय, म्हणून ढोबळच समजा.)

गाय दिवसाला वीस-पंचवीस किलो शेण टाकते आणि आपण त्यातलं चिमूटभर घेऊन निकाल देतो, हे डोक्यात असू द्या. वरच्या उदाहरणातली गाय खरोखर बाधित असूनही दहापैकी सात वेळा निगेटिव्ह येईल. यावर उपाय काय? जास्त शेण घेऊन ते आधी सांद्र करणं, एकाच नमुन्याच्या दोन-तीन ट्यूब लावणं, आणि काही महिन्यांनी पुन्हा नमुना घेणं. उलट सुपर-शेडर म्हणतात ती जनावरं ग्रॅमला १०,००० च्या वर जंतू टाकतात, तिथे चिमूटही भरपूर होते. गोठ्यात रोग पसरवण्यात सगळ्यात मोठा हात त्यांचाच असतो, त्यामुळे टेस्ट निदान त्यांना तरी चुकत नाही ही जमेची बाजू.

आयएस९०० चे जुळे

बरीच वर्षं आयएस९०० फक्त मॅपमध्येच असतो असं धरून चालत होते. १९९९ मध्ये ऑस्ट्रेलियातून आणि २००२ मध्ये स्वीडनमधून असे मायकोबॅक्टेरिया सापडल्याचं प्रसिद्ध झालं, जे मॅप नव्हते, पण ज्यांच्यात आयएस९०० सारखाच दिसणारा तुकडा होता. त्या काळचे काही प्रायमर दोघांत फरक करू शकत नव्हते. हे जंतू पर्यावरणातले, चाऱ्याबरोबर जनावराच्या पोटात सहज जाऊ शकतात. म्हणजे पॉझिटिव्ह आला तरी तो मॅपचाच असेल याची शंभर टक्के खात्री राहिली नाही.

म्हणून आता बहुतेक जण दुसरं टार्गेट सोबत लावतात. सगळ्यात प्रसिद्ध एफ५७, जो मॅपमध्येच असतो, पण जिनोममध्ये त्याची एकच प्रत. दुसरा आयएसमॅप०२, त्याच्या सहा प्रती. इथे १७ चा आकडा पुन्हा कामाला येतो. पीसीआरमध्ये दर सायकलला डीएनए दुप्पट होतो, आणि २ चा चौथा घात १६. म्हणजे त्याच नमुन्यात एफ५७ चा सीटी आयएस९०० पेक्षा साधारण चार सायकल उशिरा यायला हवा. आयएस९०० चा सीटी ३० आला आणि एफ५७ अजिबात आला नाही, तर संशय घ्या : एकतर जुळा जंतू आहे, नाहीतर लॅबमध्येच आधीच्या पीसीआरचा माल हवेतून ट्यूबमध्ये पडलाय. पण आयएस९०० चा सीटी ३७ असेल आणि एफ५७ निगेटिव्ह असेल, तर त्यात काही विचित्र नाही, कारण एफ५७ चा सीटी ४१ वर गेला असता आणि मशीन ४० सायकलला थांबलं. मशीनच्या पडद्यावर दोन्ही नमुने ‘आयएस९०० पॉझिटिव्ह, एफ५७ निगेटिव्ह’ असेच दिसतात, अर्थ मात्र पूर्ण वेगळा. हा विचार सॉफ्टवेअर करत नाही, तुम्हालाच करावा लागतो.

हे गणित दोन्ही रिॲक्शनची कार्यक्षमता सारखी असेल तरच लागू, हेही सांगून ठेवते. स्टँडर्ड कर्व्हचा उतार उणे ३.३२ च्या जवळ आहे का ते आधी पाहायचं. मॅपच्या जी-सी भरलेल्या डीएनएत उतार बिघडायला वेळ लागत नाही. काय काय तपासून लिहायचं यासाठी २००९ ची ‘मायकी’ मार्गदर्शक तत्त्वं वाचा, सिनॉप्सिस लिहायच्या आधीच वाचा.

डीएनए आहे, पण जंतू जिवंत आहे का? आणि कुणाचा?

समजा सगळं चोख झालं. दोन्ही टार्गेट पॉझिटिव्ह, कंट्रोल ठीक. तरीही सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ येत नाही. कारण पीसीआर डीएनए शोधतो, रोग नाही.

गव्हाणीत शेजारच्या सुपर-शेडर गायीचं शेण पडलं, निरोगी गायीने ते चाऱ्याबरोबर खाल्लं, आणि एक-दोन दिवसांत ते जंतू तिच्या शेणातून जसेच्या तसे बाहेर पडले. याला पास-थ्रू म्हणतात. अशी गाय पीसीआरला पॉझिटिव्ह येते, कल्चरलासुद्धा येते, आणि तिला रोग नसतो. नमुना आपण हातमोजा घालून थेट गुदाशयातून घेतला, म्हणजे जमिनीवरची घाण लागली नाही, एवढंच सिद्ध होतं. खात्री करायची तर जनावर काही दिवस स्वच्छ जागी वेगळं बांधून पुन्हा नमुना घ्यायचा. ते ज्याला जमत नाही, त्याने निदान काही महिन्यांच्या अंतराने दोन नमुने तरी घ्यावेत.

जिवंत-मेल्याचा प्रश्न सोडवायला दोन वाटा आहेत. एक पीएमए : हा रंग भिंत फुटलेल्या पेशींच्या डीएनएला चिकटून त्याला पीसीआरसाठी निकामी करतो, मग वाढतो तो फक्त शाबूत पेशींचा डीएनए. शेणासारख्या गढूळ नमुन्यात प्रकाश नीट पोचत नाही, आणि या पद्धतीला प्रकाश लागतोच, त्यामुळे तिथे ती थोडी लंगडते. दुसरी वाट मला जास्त आवडते, फेजची. डी२९ नावाचा फेज मायकोबॅक्टेरियाला लागतो, पण वाढतो फक्त जिवंत पेशीत. बाहेर उरलेले फेज मारायचे, आतले वाढू द्यायचे, पेशी फुटली की प्लाक दिसतो, आणि त्या प्लाकमधल्या डीएनएवर आयएस९०० ची पीसीआर. महिन्यांचं काम एक-दोन दिवसांवर येतं. हात मात्र बसायला लागतो, आणि रोज शंभर नमुने करणाऱ्या लॅबसाठी ती पद्धत अजून सोयीची नाही.

स्ट्रेनचा प्रकार ओळखायचा असेल तर आयएस१३११ हा तुकडा वापरतात. त्यातल्या २२३ व्या जागेवरच्या एका बेसच्या फरकावरून मेंढीचा, गायीचा आणि बायसनचा असे प्रकार वेगळे करता येतात. मथुरेजवळ मखदूम इथल्या केंद्रीय शेळी संशोधन संस्थेने भारतात ‘इंडियन बायसन टाइप’ मोठ्या प्रमाणावर आढळतो हे याच पद्धतीने दाखवलं. पण आयएस१३११ इतर मायकोबॅक्टेरियम एव्हियममध्येही असतो. तेव्हा तो निदानासाठी वापरू नका, निदान झाल्यावर वापरा.

रिपोर्टवर काय लिहायचं

इथवर सगळं लॅबमधलं झालं. आता समजा टेस्टची सेन्सिटिव्हिटी ६० टक्के, स्पेसिफिसिटी ९८ टक्के. १,००० जनावरांत ५० बाधित असतील तर ३० बरोबर सापडतील, आणि निरोगी ९५० पैकी १९ चुकून पॉझिटिव्ह येतील. ४९ पॉझिटिव्हपैकी ३० खरे, ६१ टक्के. तीच टेस्ट जिथे फक्त १० बाधित आहेत अशा १,००० जनावरांवर लावली, तर ६ खरे आणि जवळजवळ २० खोटे. चारपैकी एकसुद्धा धड खरा नाही. मशीन तेच, प्रायमर तेच, निकालाचा अर्थ बदलला, कारण कळप बदलला.

परदेशातल्या बऱ्याच नियंत्रण कार्यक्रमांत पॉझिटिव्ह जनावर कळपातून काढून कत्तलीला पाठवतात. थोडे खोटे पॉझिटिव्ह गेले तरी ते चालवून घेतात. महाराष्ट्रात गायींच्या कत्तलीवर आधीपासूनच आणि २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आहे, त्यामुळे तो रस्ता इथे नाही. दोन संकरित गायींवर घर चालवणाऱ्या माणसाच्या हातात आपण ‘पॉझिटिव्ह’ लिहिलेला कागद दिला, तर तो काय करेल? बऱ्याचदा गाय बाजारात जाते आणि दुसऱ्याच्या दावणीला बांधली जाते. रिपोर्ट खरा असेल तर रोग दुसऱ्या गोठ्यात गेला. रिपोर्ट खोटा असेल तर चांगली दुभती गाय पडत्या भावात गेली.

म्हणून मी नमुन्यांचे निकाल देते तेव्हा एका शब्दाऐवजी चार ओळी लिहिते. शेणात मॅपचा डीएनए आढळला. प्रमाण जास्त की अत्यल्प, म्हणजे सीटी किती, दुसरं टार्गेट आलं की नाही. हा एकाच दिवसाच्या नमुन्याचा निकाल आहे, तीन महिन्यांनी पुन्हा तपासणी हवी. आणि तोपर्यंत या गायीचं वासरू जन्मतःच बाजूला घ्या, तिचा चीक त्याला पाजू नका, दुसऱ्या निगेटिव्ह गायीचा चीक पाजा, शेण वासरांच्या जागेपासून लांब टाका. ही शेवटची ओळ निकाल खरा असो वा खोटा, दोन्ही वेळा उपयोगी पडते. प्रमाण जास्त असेल आणि दोन्ही टार्गेट आली असतील तर मी पशुवैद्यकांना फोनही करते, कारण ती बहुधा सुपर-शेडर असते, आणि तिला आजच वेगळं बांधायला हवं, तीन महिन्यांनी नाही.

सीटी किती झाला की ‘अत्यल्प’ म्हणायचं, हा कट-ऑफ कुठल्या तरी पेपरमधून उचलू नका. तो तुमच्या मशीनवर, तुमच्या किटवर, तुमच्या भागातल्या खात्रीच्या निगेटिव्ह कळपाच्या शेणावर ठरवावा लागतो. खात्रीचा निगेटिव्ह कळप शोधणं किती अवघड आहे आणि सुवर्ण मानकच नसताना सेन्सिटिव्हिटी काढतात कशी, याबद्दल कमेंटमध्ये विचारा. त्यावर पुढचा लेख लिहिते आहेच.